मांडवीच्या बेटांतून

गोमंतक म्हटला की परप्रांतीच्या आप्तेष्टांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. गेल्या मे महिन्यात आमची धाकटी बहीण इंदूरहून मुलांसह माहेरी आली, तेव्हा भाच्यांनीही पहिल्याच दिवशी समुद्राचा धोशा लावला. समुद्र त्यांना दाखविलाच. परंतु आमच्या डिचोली तालुक्याच्या अंगणातून वाहणारी मांडवी आणि तिच्या पोटातील बेटे दाखविल्यावाचून त्यांना परत पाठवायचे नाही, असे आम्ही मनाशी ठरविले. बेत ऐकताच आमच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रीही निघाल्या. त्यांचे माहेर दिवाडी बेटावरचे. "लहानपणी होडीतून नार्व्याला उतरत असू, तशीच एकदा उतरेन आणि मग देवाचे दर्शन घेईन," असे त्यांनी सांगितले. त्यावर बोलण्यासारखे आम्हांपाशी काही नव्हते.

भीमगडाच्या रानात उगम पावणारी म्हादई खाली येता येता मांडवी होते आणि मुखाजवळ आली की पसरते. तिच्या व तिला मिळणाऱ्या फाट्यांच्या वेढ्यात चोडण, दिवाडी, वांशी, सांत इस्तेव, कुंभारजुवें ही बेटे वसली आहेत. 'जुवें' म्हणजे बेटच. शिडाच्या होड्या आता या पाण्यावर क्वचित दिसतात. ओळखीच्या एका वृद्ध तारीबाबांनी आपली होडी अद्याप राखली आहे, म्हणून हा योग आला.

"दशमीला निघू," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट करा मास्तर, साडेसातला भरती. सुकतीबरोबर खाली जाऊ, दुपारी पाणी फिरले की पश्चिमेच्या वाऱ्यावर शीड सोडून वर येऊ." भाच्याने लगेच मोबाइल काढून वेळ पडताळली. पंचांग आणि मोबाइल यांत फारसे अंतर पडले नाही, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले.

नार्व्याच्या धक्क्यावरून होडी सुटली. समोर दिवाडीचा तीर दिसत होता. तिकडच्या वाड्यालाही नार्वे हेच नाव आहे. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचे त्या तीरावरचे. राजांच्या नाण्यांवरही त्याचे नाव असे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते मंदिर मोडले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते दुसऱ्यांदा जमीनदोस्त झाले. भक्तांनी लिंग नदीपार आणले, कारण डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हती. ती जायला १७८१-८२ उजाडावे लागले. मधल्या काळात, १६६८ मध्ये, शिवाजी महाराजांनी आजचे मंदिर बांधविले. दारावरचा शिलालेख त्याची साक्ष देतो. २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धारही पूर्ण झाला. देव नदी ओलांडून आला तो गावाचे नाव बरोबर घेऊन आला. मातोश्री मात्र यातले काही ऐकत नव्हत्या. त्या दिवाडीच्या माडांकडे पाहत, गोकुळाष्टमीच्या पहाटे आपल्या आईबरोबर पंचगंगेच्या स्नानाला येण्याची आठवण सांगत होत्या.

ओहोटीबरोबर होडी संथपणे चालली. डावीकडे दिवाडी, उजवीकडे चोडण, दोहों तीरांना कांदळाची हिरवी भिंत. पलीकडे चोडणच्या पश्चिम टोकाला पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. एक खंड्या आमच्या पुढे पुढे उडत राहिला. उन्हे चढली तशी आम्ही चोडणच्या बांधाजवळ एका अरुंद फाट्यात शिरलो. बांधापलीकडे खाजन शेती होती. खारे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही जमीन. तीत खार सोसणारे कोरगूट भात पिकते. बांधाच्या तोंडाशी लाकडी झडपांचे दार असते, त्याला मानस म्हणतात.

मानस दिसताच आमच्यातील शिक्षक जागा झाला. झडप कशी उघडते, शेतातले पाणी कसे निघून जाते, मासे कसे धरतात, हे सांगता सांगता वेळेचे भान उरले नाही. तारीबाबांनी दोनदा सुचविले, "मास्तर, निघूया." आम्ही दोनदा म्हटले, "पाचच मिनिटे." तिसऱ्यांदा ते एवढेच म्हणाले, "उदक कोणाची वाट पळयना." आणि होडीचा तळ चिखलाला टेकला.

दांडा लावून पाहिला, दोघे पुरुष उतरलो. पाय मांडीपर्यंत रुतले आणि होडी तसूभर हलली नाही. सव्वाबारा वाजले होते. ओहोटी सरायला दीड तास, आणि पाणी भरून होडी उचलायला आणखी तेवढाच. मे महिन्याचे ऊन, झाकायला एक शीड, आणि पिण्याचे पाणी दोन बाटल्या. बांधापर्यंत चालून जाणे मातोश्रींच्याने शक्य नव्हते. आम्हांला घाम फुटला तो केवळ उन्हाचा नव्हता.

तारीबाबांनी शब्दही न बोलता शीड डोक्यावर ताणले. पाणी मातोश्रींनी आधी मुलांना दिले. आपण घोटभरच घेतला. बहिणीचा चेहरा उतरलेला पाहून त्या तारीबाबांना म्हणाल्या, "पुता, तुझे ऐकायला हवे होते." आमच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पन्नाशी उलटल्यावर आईपुढे मान खाली घालण्याचा प्रसंग क्वचित येतो. तो आम्हांवर आला.

अडीचच्या सुमारास भाचा ओरडला, "मामा, पाहा!" फाट्यात पाणी उलटे येऊ लागले होते. ते चढत चढत मानशीला भिडले आणि ज्या झडपेवर आम्ही अर्धा तास बोललो होतो ती आपल्या आपण मिटली. खारे पाणी बाहेर राहिले, शेत आत राहिले. ना कोणी दार लोटले, ना कडी घातली. मुलांना जे समजावयाचे ते आमच्या व्याख्यानाने नव्हे, त्या क्षणी समजले.

सव्वातीनला होडी हलली. मुख्य प्रवाहात येताच पश्चिमेचा वारा शिडात भरला, आणि वल्ह्याचा आवाजही न होता आम्ही वर सरकू लागलो. दिवाडीच्या टेकडीवरचे पांढरे चर्च मागे पडले. नार्व्याचा धक्का आला तेव्हा उन्हे कलली होती. मातोश्रींनी कोणाचा हात घेतला नाही; तारीबाबांच्या खांद्याला धरून त्या उतरल्या आणि सरळ देवळाची वाट चालू लागल्या. दीपस्तंभापाशी त्या थांबल्या, मागे वळून म्हणाल्या, "तारीलाही बोलाव. आज त्याने आणले."

बहीण इंदूरला परतून आठवडा झाला असेल. एका सकाळी भाच्याचा फोन आला. कुशल विचारण्याआधी त्याने विचारले, "मामा, आज तिथी कोणती? नार्व्याला आता भरती असेल ना?"

आम्ही पंचांग उघडले.