दाव्होसचा उतार

सह्याद्रीच्या पायथ्याशीं वाढलेल्या माणसास डोंगराचें भय म्हणजे दरडीचें. पावसाची झड लागली कीं तो जपून राहतो. आकाश निवळलें कीं निश्चिंत होतो. हाच हिशेब मनांत धरून आम्ही गेल्या फेब्रुवारींत स्वित्झर्लंडांतील दाव्होस येथें गेलों.

गांव सुमारें १,५६० मीटर उंचीवर. तीन दिवस एकसारखें हिम पडत होतें. चौथ्या दिवशीं असें लख्ख ऊन पडलें कीं खोलींत बसवेना. झुरिक येथें नोकरीस असलेल्या आमच्या भाच्यानें वाटाड्या ठरविलाच होता. पायांत रुंद हिमपादुका, पाठीवर फावडें, छातीशीं संदेश देणारें लहानसें यंत्र, अशा थाटांत आम्ही निघालों.

याच गांवीं हिमाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. हिवाळ्यांत ती रोज सायंकाळीं व सकाळीं हिमलोटाच्या धोक्याचें पत्रक काढते. धोक्याच्या पांच पायऱ्या. त्या दिवशीं तिसरी होती.

"मामा, पांचांत तीन म्हणजे मधलेंच कीं!" भाचा म्हणाला.

वाटाड्या हंसला. त्या देशांत हिमलोटानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे याच तिसऱ्या पायरीवर होतात, असें त्यानें सांगितलें. चौथी लागली कीं लोक आपण होऊनच घरीं बसतात.

दोन तास चढल्यावर एक रुंद, निष्कलंक उतार पुढें आला. पलीकडे खिंड दिसत होती. वाटाड्यानें उताराचा कोन मोजला. तीस अंशांहून अधिक भरला. मग कडेच्या सुरक्षित जागीं, त्याच तोंडाच्या एका लहानशा चढावर, त्यानें कमरेइतका खड्डा खणला. वर वाऱ्यानें दाबून बसविलेला घट्ट थर. त्याच्या खालीं मात्र साखरेसारखे सुटे, टोंकदार दाणे. जमीन उबदार आणि वरची हवा अतिशीत असली कीं आंतली वाफ वर चढते व जुन्या हिमाचे असे दाणे बनतात. ते एकमेकांस धरीत नाहींत. त्यानें हिमाचा एक चौकोनी खांब कापून त्यावर हात आपटण्यास प्रारंभ केला. प्रथम मनगटापासून दहा वेळां, मग कोपरापासून. बाराव्या थापेस वरचा थर ताटांतील वडीसारखा अलगद सरकला.

हिमलोटांत सांपडणाऱ्या बहुतेक प्रवाशांनीं तो लोट स्वतःच्या अथवा सोबत्याच्या भारानेंच सोडलेला असतो. पुरलेल्या माणसास पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास तो बहुधा वांचतो. अर्धा तास लोटल्यावर ती आशा सुमारें एकतृतीयांशावर येते. भर उन्हांत उभे राहून हें ऐकतांना आमच्या अंगावर कांटा आला.

आम्ही परतलों. दुपारीं जवळच्या फ्राउएनकिर्ख येथील जुनी चर्च पाहिली. तिची डोंगराकडची भिंत नांवेच्या नाळेसारखी टोंकदार बांधली आहे; लोट आला तर दुभंगून दोहों बाजूंनीं जावा. देवळासहि आपली पाठ आपणच राखावी लागते, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. भाच्याचें लक्ष मात्र तिकडे नव्हतें.

तो उतार त्या दिवशीं कोसळला नाहीं, दुसऱ्या दिवशींहि नाहीं. आगगाडींत बसतांना भाच्यानें तें दोनदां बोलून दाखविलें. बहुधा तो टिकेल, असें वाटाड्यानेंहि परततांना म्हटलें होतें. पण हें आम्ही भाच्यास सांगितलें नाहीं.