मोगलीच्या मुलुखात

मंडळी, १९९३ साली रविवारी सकाळी पोरे कुठे गोळा होत, आठवते ना? ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर! जपानमध्ये तयार झालेली ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका दूरदर्शनवर लागे. तिच्यातला मोगली आपल्या शेजारचाच, हे मला फार उशिरा कळले.

मूळ गोष्टी किपलिंगच्या. त्याचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा. पण पुस्तक लिहिले अमेरिकेत बसून, १८९४ साली. तरी त्यातले डोंगर मध्य प्रदेशातल्या सिवनीचे, आणि नदी वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांजवळून वाहते, तीच ही.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघा. वाटेत जंगलात महामार्ग खांबांवर उचललेला दिसेल. जनावरांना खालून जाता यावे म्हणून. खवासा आले की आत तुरियाला वळा, पेंचचे फाटक तिथेच. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, फाटक बंद असते.

मी एप्रिलात गेलो. चितळांचे कळप दिसले, रानकुत्रे दिसले. लांडगा नाही, त्याला दाट रानापेक्षा मोकळा माळच बरा.

परतताना गावाबाहेर एक म्हातारी मोहफुले वाळवीत होती. मी विचारले, “आजी, पहाटे वेचायला जाता, वाघाची भीती नाही वाटत?”

“वाघ माणसाची चाहूल लागली की सरकतो, बाबा,” ती म्हणाली. “अस्वलाचे भ्या. तेही मोहच खायला येते. खाली मुंडी घालून खात असते, आपण अगदी जवळ जाईतो त्याला पत्ता नसतो. म्हणून आम्ही बोलत बोलत जातो, चौघीजणी.”