खर्जाची खरेदी

आमच्या वर्तुळात सबवूफर हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो. सिग्नलला शेजारी येऊन आपल्या काचा थरथरवणारी गाडी डोळ्यांसमोर येते. (वूफर हे नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून पडले, हेही त्या पूर्वग्रहाच्या सोयीचेच.) तरीही दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारा सबवूफर शोधत मी दोन रविवार दुकाने पालथी घातली, ती खर्जासाठी.

तानपुऱ्याची चौथी तार आठवावी. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे साधारण १३८ हर्ट्झचा असेल, तर ही तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर बोलते. डग्ग्याचा घुमाराही बव्हंशी याच प्रदेशातला. गाडीच्या दारांतले सहा इंची स्पीकर इथवर उतरेतो थकतात. जे उरते ते टायरांच्या घरघरीत बुडते, कारण तीही खालच्याच कंपनांची असते. वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू खर्जाचा अदमास बांधतो हे खरे, पण अदमास म्हणजे खर्ज नव्हे.

ही उणीव जाणवली ती वडिलांमुळे. उतारवयात कानांतून बहुधा आधी वरचे नाद जातात, व्यंजने पुसट होतात. खालचे नाद त्या मानाने टिकतात. रात्र रात्र मैफली ऐकलेला हा माणूस दवाखान्याच्या वाटेवर ‘बंद कर ते’ म्हणू लागला होता. बंदिशीचे बोल त्यांना परत मिळवून देणे माझ्या हाती नव्हते. ठेका मिळवून देता येण्याजोगा होता.

दुकानांत मात्र सगळा वॉटांचा बाजार. खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॉट. मागे बारीक अक्षरांत १५० वॉट आरएमएस. सतत पेलवणारी ताकद ही दुसरी. पहिला आकडा क्षणिक उसळीचा, म्हणजे जाहिरातीचा. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबलने. छिद्राची पेटी तेवढ्याच वॉटांत अधिक दणदणते, पण तिचा नाद रेंगाळतो आणि डग्ग्याची मींड गढूळ होते. बंद पेटी मितभाषी असते. मी आसनाखाली सरकवता येणारा, अंगचाच ॲम्प्लिफायर असलेला, आठ इंची बंद पेटीचा नग निवडला. दुकानदाराच्या मते यात ‘मजा नाही’.

जुन्या ध्वनिमुद्रणांना याचा उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२५ च्या आधी, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ उतरलेलाच नाही. तिथे यंत्र काय करणार?

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, आवाजाची खुंटी निम्म्याच्या खाली. काचा स्थिर राहिल्या. पुढच्या फेरीत वडिलांनी मांडीवर बोट टेकवत विचारले, “तबल्याला कोण आहे?”