लुक राहू दे, ग्रिपचं बोल!

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्या शहरातल्या एसयूव्हीवाल्यांची दिवाळीच! पाऊस दारात आलेला, ऑफिसच्या ग्रुपवर लाँग ड्राइव्हचे प्लॅन शिजायला लागलेले... आणि पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीला नवेकोरे, जाडजूड, दातेरी टायर. लंच ब्रेकमध्ये सगळे खाली जाणार, फोटो काढणार, कुणीतरी बुटाच्या टोकाने टायर टोकरून बघणार आणि म्हणणार, ‘आता चिखल असो की पाऊस, नो टेन्शन!’

मला आज नेमकं या वाक्याबद्दलच बोलायचंय. कारण चिखल आणि ओला डांबरी रस्ता या टायरसाठी दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत पहिला आलेला दुसरीत काठावर पास होऊ शकतो. आणि आपण, शहरात नोकऱ्या करणारी माणसं, बहुतेक वेळा दुसरीच परीक्षा देत असतो.

एरवी मला यातलं ओ की ठो कळायचं कारण नव्हतं. मी फ्रीलान्स पत्रकार. टायर म्हणजे काळं, गोल, कधीकधी पंक्चर होणारं काहीतरी, इतपत जनरल नॉलेज. पण २०२४ च्या मे महिन्यात आईची केमो सुरू झाली. उपचार पुण्यात, आई-बाबांचं घर ताम्हिणी उतरून पलीकडे, निजामपूरहून तीन किलोमीटर आत. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा केमो. ‘पुण्यातच राहा की गं,’ असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. आई म्हणाली, ‘औषध तिथलं घेईन, झोपेन माझ्या घरात.’ विषय संपला.

धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरीला, त्याला सुट्टी मिळायची मारामार. माझं ऑफिस म्हणजे माझा लॅपटॉप. त्यामुळे वाटणी सोपी झाली. गाडी त्याची, पैसे त्याचे, स्टिअरिंग माझं. गाडी म्हणजे सेकंडहँड स्कॉर्पिओ. ट्रकसारख्या लोखंडी चासीवर उभी, वजनदार, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. पहिली केमो २३ मेला कोरड्या रस्त्यावर झाली. उरलेल्या पाचांना पाऊस असणार होता. आणि टायर घासून गोटा व्हायला आले होते.

एचटी, एटी, एमटी म्हणजे काय रे भाऊ?

आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं छोट्याला मिळत होती! दुकानातल्या मुलाने सरळ एक राक्षसी टायर पुढे ढकलला. ‘सर, हा टाका. गाडीचा लुकच चेंज होईल.’ छोट्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, ‘लुक राहू दे, ग्रिपचं बोल. ओल्या डांबरावर हा कसा थांबतो?’ त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, एवढी मोठी नक्षी आहे, थांबणारच ना!’

इथेच माझ्यातली पत्रकार जागी झाली. घरी येऊन वाचायला बसले, दोन-चार जाणकारांना फोन फिरवले. फंडा असा आहे. या गाड्यांचे टायर ढोबळमानाने तीन जातींचे. एचटी म्हणजे हायवे टेरेन : बारीक, जवळजवळ नक्षी, शांत चाल. एमटी म्हणजे मड टेरेन : मोठाले ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा, म्हणजे चिखल अडकून न बसता बाहेर फेकला जातो. आणि एटी म्हणजे ऑल टेरेन : या दोघांच्या मधला.

गोम या ‘मधला’ शब्दात आहे. काही एटी टायर एचटीचे सख्खे भाऊ असतात, काही एमटीचे. बाजूला अक्षरं तीच, ‘ए’ आणि ‘टी’. स्वभाव मात्र पार वेगळा!

खोल पाणी आणि पातळ थर

पावसात टायरला दोन कामं करावी लागतात. पहिलं काम साचलेल्या पाण्याचं. वेगात असताना टायरला समोरचं पाणी बाजूला सारता आलं नाही, तर पाण्याची पाचर त्याच्याखाली घुसते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. ‘नासा’च्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवर प्रयोग करून याचं एक साधं गणित मांडलं. टायरमधली हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला तो तरंगायला लागतो. त्या गणिताने ३२ पीएसआय हवेला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २२ पीएसआयला ७८ च्या. चांगली खोल नक्षी असलेल्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण टायर घासला आणि पाणी नक्षीपेक्षा खोल असलं की ते खरे व्हायला लागतात. म्हणून चिखलातून निघण्यासाठी हवा कमी केली असेल, तर हायवेला लागण्याआधी ती परत भरायची. या पहिल्या कामात एटीच्या रुंद, खोल खाचा खरंच मदतीला येतात.

दुसरं काम पातळ थराचं. घाटात आपण ताशी ९० ने जातच नाही. तिथे रस्त्यावर असतो पाण्याचा नुसता पापुद्रा, त्यात धूळ, सांडलेलं ऑइल, सावलीतल्या वळणांवर शेवाळ. हा पापुद्रा फोडून रबर डांबराला टेकवायचं, तर लागतात ठोकळ्यांवरच्या ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा. त्यांना साइप म्हणतात. १९२३ साली जॉन साइप नावाच्या माणसाने याचं पेटंट घेतलं. सांगतात की तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवर पाय घसरायचा, म्हणून त्याने बुटाच्या तळव्यांना चिरा पाडल्या. अस्सल जुगाड! तर सांगायचा मुद्दा, चिरा कमी असलेला मोठाला गुळगुळीत ठोकळा चिखलात राजा असेल, पण ओल्या डांबरावर तो त्या फरशीवरच्या बुटासारखाच. त्यातून मधल्या मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारं रबरही कमी.

आणि रबरही सगळं सारखं नसतं. सिलिका घातलेलं रबर ओल्यात चांगलं धरतं. दगडगोट्यांवर कापलं जाऊ नये म्हणून बनवलेलं कडक रबर जास्त टिकतं, पण ओल्यात बहुधा कमी पकडतं. एलटी, म्हणजे लाइट ट्रक वर्गातले टायर जड ओझ्यासाठी असतात. जाड भिंती, खोल नक्षी, हवाही जास्त. ज्याच्या पिकअपमध्ये रोज टनभर माल असतो, त्याच्यासाठी ते योग्य. आमच्या मागच्या सीटवर असणार होती पंचेचाळीस किलोची आई आणि दोन उशा.

शंभरातले तीन

मग मी छोट्याला एक हिशेब करायला लावला. कोथरूडपासून आईच्या दारापर्यंतचं अंतर पकड शंभर किलोमीटर. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर... सत्त्याण्णव किलोमीटर पक्का रस्ता. शेवटचे तीन कच्चे, लाल माती, एक चढ. आता सांग, टायर कुणासाठी घ्यायचा?

छोट्याचं उत्तर तयार होतं. ‘ताई, त्या तीन किलोमीटरमध्ये अडकलो तर?’ प्रश्न वाजवी होता, म्हणून तर साधा एचटी मीही नको म्हणत होते. पण मी म्हटलं, ‘अडकलो तर बाबा शेजारच्या काकांना ट्रॅक्टर घेऊन पाठवतील. अर्धा तास जाईल. घाटातल्या वळणावर समोर बस आली आणि गाडी थांबली नाही, तर कोण कुणाला पाठवणार?’

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘पण दिसायला तो दुसराच भारी होता...’ भाऊ आहे माझा!

गावातले एक पिकअपवाले काका पावसाळाभर घाट वर-खाली करतात. त्यांनी फोनवर लाखाची गोष्ट सांगितली. ‘पोरी, भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जास्त फसवते. मागं वजन नाय, की उतारावर मागची चाकं सुटतात. दोनच टायर नवे टाकणार असलीस तर मागं टाक.’ वाचलं तर टायरतज्ज्ञही हेच सांगतात. पुढचे सुटले तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की पुष्कळदा सावरते. मागचे सुटले की गाडी गर्रकन फिरते आणि तिला सावरणं तुमच्या-आमच्यासारख्याचं काम नाही. आम्ही चारही बदलले.

बिल फाडण्याआधी

तुम्हीही दुकानात जाणार असाल, तर या गोष्टी नक्की बघा.

साइज कंपनीने दिलेलाच ठेवा. आमचा २३५/६५ आर १७. जास्त रुंद टायर दिसतो झकास, पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. व्यास वाढवला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

‘एम प्लस एस’ या अक्षरांवर जाऊ नका. मड अँड स्नोचा हा शिक्का नक्षीच्या रचनेवरून मिळतो. डोंगर आणि हिमकणाचं चित्र असेल, तर टायर बर्फावर तपासलेला आहे. ताम्हिणीत बर्फ पडत नाही!

लेबल वाचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची वेगळी श्रेणी असते, २०२१ पासून ए ते ई. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून ओल्यातल्या पकडीचा किमान निकष आणला. मात्र आपल्याकडच्या लेबलवरचे तारे इंधन बचतीचे असतात, पाच तारे दिसले म्हणून ओल्यात पकड पाच तारे असं समजू नका.

टायरची जन्मतारीख बघा. बाजूवर चार आकडे असतात. ०८२४ म्हणजे २०२४ च्या आठव्या आठवड्यातला. पडून पडून रबर कडक होतं, नक्षी कितीही नवी दिसो.

आणि पाऊस यायच्या आधीच बसवा. साच्यातून आलेल्या नव्या टायरचा वरचा थर थोडा गुळगुळीत असतो, तो पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये जातो. हे अंतर कोरड्यात कापलेलं बरं.

आम्ही शेवटी घेतला एचटीचा सख्खा भाऊ असलेला एटी. ठोकळे मध्यम, प्रत्येकावर भरपूर चिरा, एलटी नाही. छोट्याने त्याचा फोटो स्टेटसला ठेवला नाही, यावरून काय ते समजा.

टायर काय करू शकत नाही

जूनपासून घाट सुरू झाला. त्या तीन किलोमीटरमध्ये एकदाच चाकं गरगरली, थोडं मागे घेऊन पुन्हा चढवली. डांबरावर गाडी जिथे थांबावी वाटलं तिथे थांबली. पण म्हणून मी वेग वाढवला नाही. ताशी ४० वरून ६० वर गेलं, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोन पट होतं. हे गणित जगातला कुठलाच टायर बदलत नाही. फोर बाय फोरवाल्यांनीही लक्षात ठेवावं, चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी पुढे ओढते. थांबवताना तुमच्याकडे इतरांसारखेच चार ब्रेक आणि चार टायर.

चौथी केमो होती २५ जुलैला. त्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला होता, इकडे पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. मी आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘दोन दिवस पुढे गेलं तर चालेल.’ नवीन टायर पार्किंगमध्ये उभे राहिले, आणि तो त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होता. आम्ही २७ ला गेलो. परतताना घाटात आई उशीवर डोकं टेकून झोपली. विळ्याला जाग आली तेव्हा म्हणाली, ‘उतरलो पण? कळलंच नाही.’ एवढ्या महिन्यांत ड्रायव्हिंगबद्दल मला मिळालेली ही सगळ्यात मोठी कॉम्प्लिमेंट.

सहाही केमो झाल्या. आई आता बरी आहे, परसातल्या भाजीवरून बाबांशी भांडते.

तर दोस्तांनो, या वीकेंडला एक काम करा. गाडीपाशी जरा वाका. नक्षीच्या खाचेत तळाशी एक छोटी आडवी पट्टी दिसेल. ती असते १.६ मिलिमीटरची, कायद्याची शेवटची हद्द. नक्षी तिच्याजवळ यायची वाट बघू नका, तीन मिलिमीटर उरली की पावसासाठी टायर म्हातारा झाला असं समजा. शंभर-दीडशे रुपयांचा गेज मिळतो, त्याने मोजा. मग स्वतःला विचारा, माझ्या शंभर किलोमीटरमध्ये कच्चे किती? आणि मागच्या सीटवर कोण बसतं?

टायरचं नाव मग दुकानदाराला विचारा. निवड तोवर झालेली असेल!