छंदाची विचारपूस

फ्रेंच भाषेत प्रश्न विचारण्याच्या तीन रीती आहेत, आणि ती भाषा शिकवीत असता माझे असे मत झाले आहे की, यांपैकी कोणती कोठे योजावी हे ज्याला उमगले, त्यालाच संभाषण आले म्हणावे. क्रियापद कर्त्याच्या आधी घेऊन ‘क फॅत-व्हू?’, म्हणजे आपण काय करता, असे विचारणे शुद्ध खरे. परंतु सुटीच्या दिवशी चौकात निवांत बसलेल्या गृहस्थास त्याच्या छंदाविषयी या रूपात विचारले, तर कचेरीत जबानी घेतली जात असल्याचा भास होतो. ‘एस्क’ लावून केलेली रचना मधली, सभ्य, सर्वत्र खपणारी. तिसरीत साधे विधानच करावयाचे आणि शेवटी स्वर किंचित चढवावयाचा: ‘व्हू झुए ओ बूल?’, म्हणजे आपण गोळ्यांचा खेळ खेळता? ही रीत उच्चारावयास सर्वांत सोपी, शिकवावयास मात्र सर्वांत कठीण, कारण तिचे सारे व्याकरण आवाजात असते.

तथापि रीत कोणतीही असो, संभाषणातील पहिल्या प्रश्नाहून मला त्यामागून येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अधिक वाटते. प्रोव्हान्समध्ये पेतांकचा खेळ चालतो तेथे हे विशेष प्रत्ययास येते. सहा ते दहा मीटरवर लाकडी लहान गोळी पडलेली असते, खेळणारा आखलेल्या वर्तुळात दोन्ही पावले रोवून उभा राहतो आणि धातूचा गोळा फडक्याने पुसून हातात तोलीत असतो. कोणी स्वतःचा गोळा अलगद गोळीजवळ नेऊन ठेवणारा, तर कोणी प्रतिपक्षाचा गोळा नेमका टिपून उडवून लावणारा. अशा वेळी ‘हा खेळ आपणांस आवडतो का?’ असे विचारल्यास ‘वी’, म्हणजे होय, एवढेच उत्तर मिळते व संभाषण तेथेच खुंटते. पण ‘व्हू तीरे ऊ व्हू प्वांते?’, म्हणजे आपण उडवणारे की लावणारे, असे विचारताच मनुष्य फडके खिशात घालून सविस्तर बोलू लागतो. फ्रान्समध्ये 1901 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या असंख्य मंडळांतून लोक आपापले छंद जोपासतात. त्यामुळे ‘कोणत्या मंडळात जाता?’ हाही प्रश्न तेथे सहज शोभतो.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की प्रश्न पाठ करण्यापूर्वी तो खेळ, ते वाद्य वा ती बाग घटकाभर नीट न्याहाळावी. आणि ‘ए व्हू?’, म्हणजे आणि आपण, असा उलट प्रश्न येणारच, हे जाणून स्वतःच्या छंदाविषयी दोन खरी वाक्ये जवळ बाळगावीत.