मामाच्या नव्हे, ‘मामा’ तलावांच्या गावाला!

गोंदिया जिल्ह्यातलं केशोरी ऐकलंय? तिखट मिरचीचं गाव! पण आज मिरची राहू द्या, आपण पाणी बघायला निघालोय. हा सगळा अर्जुनी-मोरगाव तालुकाच तलावांचा. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण इथलंच, आणि पुढे नवेगावबांधचा विशाल तलाव. सुमारे ३०० वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं इथले लोक सांगतात. डोंगरांच्या मधली जागा हेरून पाळ घातली आणि पाणी अडवलं. ना सिमेंट, ना यंत्र!

लहान तलावांना इथे ‘मामा तलाव’ म्हणतात. हसू नका, मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मग गाळ कुणी काढायचा? ज्याचं त्याला माहीत!

त्यातच आली ‘बेशरम’. हो, झुडपाचंच नाव! फुलं छान जांभळट, पण गुरं तोंड लावत नाहीत. तोडून फेकलेली काडी चिखलात पडली, की पुन्हा रुजते. ती काठ अडवते, तिचा पाला कुजून गाळ वाढतो, आणि मासोळ्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. शेतातलं खत वाहून आलं, की शेवाळ माजतं. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं! इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर विंडरमिअर, लांबी सुमारे १७ किलोमीटर. तिथे सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर निळं-हिरवं शेवाळ पोसलं जातं. मग ‘पाण्यात उतरू नका, कुत्र्यांनाही उतरू देऊ नका’ अशा सूचना द्याव्या लागतात. श्रीमंत देश, तरी हीच रड!

आपल्याकडच्या ढिवर समाजाचं पोट मासोळीवर आणि शिंगाड्यावर. मासोळी घटली तेव्हा भंडारा-गोंदियातल्या कितीतरी ढिवर बायका पाण्यात उतरल्या. बेशरम मुळासकट उपटली आणि तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. काम किती किचकट! एखादी काडी राहिली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पण जिथे हे नेटानं झालं, तिथे मासोळ्या परतल्या.

तुमच्या गावच्या तलावावर एकदा पहाटे जा, आईबाबांना घेऊन. मासे तोंड वर काढताहेत का ते बघा, आणि काठावर जांभळी फुलं दिसतात का तेही.