सतरा सहस्रांश सेकंद

सतराव्या वर्षी आपल्याकडे मुलाला दुकानाच्या गादीवर बसवतात तेही वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली. तिजोरीच्या किल्ल्या अजून हाती येत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एगल या गावी याच वयाचा एक भारतीय मुलगा जागतिक कनिष्ठ ट्रॅक सायकलिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत उभा होता. त्याचे नाव ईसो अल्बेन, अंदमान-निकोबारचा. २००४ साली सुनामीने ती बेटे उद्ध्वस्त केली, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याच बेटांवरील देबोरा हेरॉल्ड ही मुलगी त्या प्रलयातून झाडाच्या आधाराने वाचली आणि पुढे देशातील अग्रगण्य सायकलपटू झाली. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. एक पाऊल आधी पडलेले होते.

ईसोची शर्यत केरिन प्रकारची होती. हा खेळ १९४८ साली जपानमध्ये जन्मला, तोही पैजा लावण्यासाठी. सट्ट्याच्या पोटी जन्मलेला हा खेळ २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये सन्मानाने खेळला जातो, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. सहा-सात स्वार एका मोटारसायकलच्या मागे रांगेने निघतात. ती ताशी तीस किलोमीटरपासून हळूहळू पन्नासपर्यंत वेग वाढवत नेते आणि शेवटचे सुमारे ७५० मीटर उरले की बाजूला होते. त्यानंतर जो तो आपल्या बळावर. या सायकलींना ब्रेक नसतात आणि चाक फिरत आहे तोवर पायही थांबवता येत नाहीत. पुढच्याच्या आडोशाला राहून वारा त्याच्याकडून तोडून घ्यायचा, आणि नेमक्या क्षणी बाहेर पडायचे. क्षण आधी निघालात तर दम संपतो, उशीर झाला तर वाट मिळत नाही. बाजारात माल कधी काढावा हे ज्याला कळते, त्याला या खेळाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधील ट्रॅक २५० मीटरचा, तर एगलचा केवळ २०० मीटरचा. लहान ट्रॅकवर वळणे लवकर येतात. सरावाने अंगात मुरलेला हिशेब तेथे नव्याने मांडावा लागतो. तो मांडूनही ईसो दुसरा आला. चेक प्रजासत्ताकाचा याकुब श्तास्नी त्याच्यापुढे अवघे ०.०१७ सेकंद होता. त्या वेगाला हे अंतर जेमतेम फूटभर भरते. कापड मोजताना एवढे तर आपण गिऱ्हाइकाला आनंदाने वाढवून देतो. तरीही जागतिक सायकलिंग स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक होते.

पुढच्या वर्षी जर्मनीतील फ्रँकफुर्ट (ओडर) येथे ईसो आणि मणिपूरचे रोनाल्डो सिंग व रोजित सिंग यांनी सांघिक स्प्रिंटमध्ये सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात तिघे एकत्र निघतात. पहिला एक फेरी जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, मग दुसरा. अखेरची रेषा एकटा तिसराच ओलांडतो. आधीच्या दोघांचे श्रम घड्याळात मोजले जातात, पण अंतिम छायाचित्रात ते बहुधा नसतात. एकत्र कुटुंबाच्या पेढीत अशी माणसे असतातच.

खरी कठीण वेळ यानंतर येते. कनिष्ठ गटाची मर्यादा अठरा वर्षांची. वर्ष उलटताच तोच मुलगा पंचविशी-तिशीतल्या, पूर्ण ताकदीला आलेल्या पुरुषांपुढे उभा राहतो. कालचे सुवर्ण तेथे उधारीच्या खात्यावरही चालत नाही. विश्वविजेते म्हणून ज्यांचे हार-तुरे झाले, त्यांना पुन्हा शेवटच्या रांगेतून सुरुवात करावी लागते, आणि नेमक्या याच वर्षांत शिक्षण, नोकरी व घरच्यांचे प्रश्न दाराशी उभे असतात. युरोपातील मुलाला हंगामभर शर्यती जवळच मिळतात. आपल्याकडील मुलाला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. पदकाच्या दिवशी कौतुक करणाऱ्यांनी या मधल्या कोरड्या वर्षांची विचारपूस क्वचितच केली आहे.

१९६४ नंतर एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही; टोकियो आणि पॅरिसही तसेच गेले. मात्र २०२२ च्या जून महिन्यात दिल्लीच्या त्याच लाकडी ट्रॅकवर रोनाल्डोने आशियाई स्पर्धेच्या वरिष्ठ गटात स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. फ्रँकफुर्टला जवळजवळ तीन वर्षे झाली होती.